डब्याची पिशवी आणि उरलेला एक रुपया

गेल्या आठवड्यात ट्रेनमधल्या एकीने विचारलं, ताई मला पण काहीतरी स्वतःचं सुरू करायचंय, कुठून सुरू करू, आणि मुलुंड ते सीएसएमटी सगळा वेळ बोलूनही माझं सांगून झालं नाही, म्हणून लिहायला बसले.

माझं सुरू झालं आमटीमुळे. रोज पर्समध्ये डबा उभा ठेवायचा, घाटकोपरला गर्दी आत आली की तो आडवा होणार आणि ऑफिसला पोचेपर्यंत पर्सच्या तळाला पिवळा ओघळ. बाजारातल्या डब्याच्या पिशव्या बघितल्या, बहुतेक उंच नि गोल, जरा धक्का लागला की कलंडतात. मला हवी होती रुंद, सपाट बुडाची, आतून डब्याला धरून ठेवणाऱ्या दोन इलॅस्टिकच्या पट्ट्या असलेली. आईच्या जुन्या मशीनवर एक शिवली, पडद्याच्या उरलेल्या कापडाची. ट्रेनच्या डब्यातल्या बायकांनी हातात घेऊन बघितली, सगळ्या म्हणाल्या मस्त आहे गं, आम्हाला पण दे. मग मी वही काढली आणि म्हटलं ॲडव्हान्स शंभर रुपये द्या, महिन्याभरात पिशवी देते. तेवीसजणी मस्त म्हणाल्या होत्या, पैसे नऊजणींनी दिले. मला वाईट वाटलं नाही, उलट ते नऊशे रुपये घरी नेऊन मी देवापुढे ठेवले, कारण ती पहिली खरी गिऱ्हाईकं होती.

शिवून घ्यायला धारावीत गेले. सायनला उतरून चालत, दोन-तीन ठिकाणी विचारत विचारत एका चाचांच्या कारखान्यात पोचले, पोटमाळ्यावर पाच मशिनी, खाली कटिंगचं टेबल. चाचांनी माझी पिशवी उलटी करून बघितली नि म्हणाले, मॅडम, एक पीस तो कोई भी बना देगा, पचास एक जैसा बनाना अलग काम है. तेव्हा मला ते नीट कळलं नव्हतं. पन्नास पिशव्या आल्या त्यातल्या सहा मी विकूच शकले नाही, चेन कोपऱ्यावर अडकायची आणि रनर एका बाजूने सुटायचा. मी पाच नंबरची चेन लावायला सांगितली होती आणि कोपरा फार टोकदार ठेवला होता. चाचांनी कोपरा गोल केला, चेन आठ नंबरची घेतली, पुढच्या लॉटमध्ये एकच पीस खराब निघाला. त्या बदलाचे त्यांनी एक पैसा जास्त घेतला नाही, हे मला इथं सांगायचंच होतं.

आता हिशोब, आणि इथंच मला सगळ्यात जास्त लिहायचंय. कापड ६२, फोम आणि अस्तर २८, चेन-रनर १४, पट्टा-बकल १८, शिलाई ७०. झाले १९२. विकली २५० ला. म्हणजे पिशवीमागे ५८ रुपये फायदा असं मी नवऱ्याला आनंदाने सांगितलं. महिन्याने वही घेऊन बसले तर पैसे कुठंच दिसेनात. पन्नास पिशव्यांचे ९,६०० रुपये गेले पण विकल्या गेल्या ४४, म्हणजे एक पिशवी १९२ ला नाही, २१८ ला पडली. लेबल आणि मशीदबंदरहून आणलेलं पॅकिंग मिळून पिशवीमागे १६. धारावीच्या चार फेऱ्या, त्यात माल घेऊन येतानाची टॅक्सी, सगळे मिळून ६४० रुपये. सगळं घातलं तर पिशवी २४९ ला पडली. हातात उरला एक रुपया. आणि यात माझे रविवार, रात्री लेबल लावत बसणं, यातलं काहीच धरलेलं नाही. माझी जीएसटी नोंदणी नसल्यामुळे कापडावर भरलेला कर मला परत मिळत नाही, तो त्या ६२ मध्येच आहे, हेही तेव्हाच कळलं.

मग दादरच्या एका दुकानात विचारायला गेले तर त्यांनी ३५ टक्के मार्जिन सांगितलं. मला आधी धक्काच बसला पण दुकानाचं भाडं, पगार, पडून राहणारा माल हे सगळं तेच सांभाळणार ना. तेव्हापासून मी किंमत उलटीकडून काढते, आधी दुकानातली किंमत धरायची, त्यातून दुकानदाराचे काढायचे, उरेल त्यात पिशवी बसते का बघायचं. ४४९ ला विकली तर माझ्याकडे २९२ येतात. त्यात बसते, थोडं मलाही उरतं. ट्रेनमधल्या काहीजणींना ४४९ जास्त वाटले, त्यांनी घेतली नाही, ठीक आहे.

कुरियरने अजून एक शिकवलं. पिशवीचं वजन २२० ग्रॅम, पण कुरियरवाले खोक्याचं मापही बघतात, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये, भागिले ५०००, आणि दोन्हीत जे वजन जास्त त्याचे पैसे. माझं खोकं २८ बाय २० बाय १८, म्हणजे हिशोबाने दोन किलो! म्हणून बुडाची कडक शीट काढता-घालता येईल अशी केली, आता पिशवी घडी होऊन तीन सेंटीमीटरच्या पाकिटात जाते, अर्धा किलोसुद्धा भरत नाही. आणि गंमत म्हणजे बायकांना तीच गोष्ट सगळ्यात आवडली, कारण शीट काढून पिशवी धुता येते. हे मला आधी सुचायला हवं होतं असं नाही वाटत, वापरल्याशिवाय सुचतच नाही.

कागदपत्रांना लोक फार घाबरतात म्हणून थोडक्यात: उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आणि फुकट होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. पॅक करून विकताय तर लेबलवर एमआरपी, नग किती, बनवल्याचा महिना-वर्ष, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क लागतोच. ब्रँडच्या नावाचा ट्रेडमार्क अर्ज एकट्या व्यक्तीने ऑनलाइन केला तर एका क्लासला, म्हणजे मालाच्या एका वर्गाला, ४,५०० रुपये, तो मी अजून केला नाहीये, करायचाय.

अडकले ते जीएसटीपाशी. महाराष्ट्रात नुसता माल विकणाऱ्याला वर्षाच्या ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, मी त्याच्या आसपासही नाही. पण इंदूरच्या वहिनींनी त्यांच्या भिशीसाठी वीस पिशव्या मागितल्या आणि सीए मैत्रीण म्हणाली, थांब, राज्याबाहेर विकायचं तर जीएसटी नंबर लागतो, उलाढाल कितीही असू दे. मग रिटर्न भरायचे, तिची फी, आणि ४४९ मधूनच कर द्यायचा की किंमत वाढवायची. पुन्हा वही काढली, तीन रात्री आकडे मांडले, कापडावरचा कर आता परत मिळेल तो पण धरला. बसतंय. नंबर घेतेय. चाचांना १२० पिशव्यांचं कटिंग सांगितलंय आणि वहिनींना कळवलंय, दिवाळीच्या आधी पाठवते.