पाळी बदलताना

सोमवार, रात्री उशिरा

सहाव्या सत्रात ‘नर्सिंग मॅनेजमेंट अँड लीडरशिप’ हा विषय अभ्यासताना नेतृत्वाचे तीन प्रकार आम्ही तोंडपाठ केले होते: हुकूमशाही, लोकशाही आणि पूर्ण मोकळीक देणारे. मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत शाळकरी मुलांच्या छंदमंडळांवर केलेल्या आणि १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून हे वर्गीकरण आले, ही माहिती मात्र परीक्षा झाल्यावर वाचनात आली आणि थोडे हसू आले. इंटर्नशिपसाठी पुरुषांच्या सर्जरी वॉर्डात आल्यापासून हे तीन प्रकार वेगवेगळे ओळखता येतील अशी एकही व्यक्ती मला भेटलेली नाही. ज्या इनचार्ज सिस्टर सकाळी इंजेक्शनच्या ट्रेवरून सगळ्यांना धारेवर धरतात, त्याच दुपारी सुट्ट्यांची यादी टेबलावर ठेवून ‘तुम्हीच आपसांत ठरवा’ असे सांगतात, आणि दोन्ही वेळा त्यांचे बरोबरच असते.

नेतृत्व दिसते ते आणीबाणीच्या वेळी, अशी माझी समजूत होती. पेशंट अचानक कोसळतो, कोणीतरी खड्या आवाजात सूचना देतो आणि बाकीचे धावतात, असे काहीसे ते चित्र होते. वॉर्डात रोज वावरू लागल्यावर वाटते की त्याची खरी परीक्षा सकाळी आठ, दुपारी दोन आणि रात्री आठ वाजता, म्हणजे पाळी बदलताना होते. कोणाच्या ड्रेनमध्ये, म्हणजे ऑपरेशनच्या जागेतून द्राव बाहेर काढणाऱ्या नळीत, किती आले, कोणाला उद्यासाठी एनबीएम (तोंडाने काहीही न देता) ठेवायचे, कोणासाठी ब्लड बँकेतून रक्त आणायचे आहे, कोणता रिपोर्ट अजून आलेला नाही, कोणत्या केसचे एमएलसीचे (पोलिसांना कळवावे लागणाऱ्या केसचे) कागद अपुरे आहेत, इमर्जन्सी ट्रेमधले काय संपत आले आहे, ही सगळी माहिती काही मिनिटांत एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात जायची असते, आणि त्यातला एक धागा निसटला तरी त्याची किंमत पेशंट मोजतो.

हा ओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीला सोपवायची माहिती, देण्याच्या दोन पद्धती मी पाहिल्या. एकीत रजिस्टर उघडून टेबलापाशीच बेड नंबर वाचले जातात. दुसरीत जाणारी आणि येणारी सिस्टर दोघी खाटेखाटेपाशी जातात, आयव्हीची, म्हणजे सलाइनच्या सुईची, जागा सुजली आहे का ते बोटाने पाहतात, युरोबॅग (लघवीची पिशवी) उचलून बघतात, आणि पेशंटला ऐकू जाईल अशा आवाजात बोलतात. या दुसऱ्या पद्धतीला वेळ जास्त लागतो आणि घरी जायची घाई असलेल्यांना ती नकोशी होते. तरीही आमच्या इनचार्ज सिस्टर तिच्यावर अडून बसतात, कारण मध्येच एखादे आजोबा ‘पण मला दुपारची सुई दिलीच नाही’ असे म्हणतात आणि मग कागदावरची सही आणि प्रत्यक्षातली सुई यांचा मेळ तिथल्या तिथे घालावा लागतो.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटले की स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयातले हातात दिवा घेतलेले चित्र प्रत्येक नर्सिंग कॉलेजच्या भिंतीवर असते आणि १२ मे रोजी, त्यांच्या जन्मदिनी, त्याला हार घातला जातो. क्रिमियाच्या युद्धानंतरच्या त्यांच्या लेखनातला एक व्यवहारी प्रश्न मात्र मला त्या दिव्याहून अधिक उपयोगाचा वाटतो. मी हजर असताना जे नीट होते ते मी नसतानाही नीट होईल याची व्यवस्था कशी करायची, असा तो प्रश्न आहे. परिसेविकेचे, म्हणजे वॉर्डच्या इनचार्ज सिस्टरांचे, काम या एका कसोटीवर तोलता येईल. ज्या वॉर्डात इनचार्ज रजेवर गेल्यावर औषधांच्या वेळा ढळतात, तिथे त्यांच्या कडक शिस्तीचे कितीही कौतुक होत असले तरी ती शिस्त त्यांच्या नजरेपुरतीच होती असे म्हणावे लागते.

बुधवार

आज दुपारच्या पाळीत घडलेली गोष्ट सविस्तर लिहून ठेवते. पोटाच्या ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी असलेले एक वयस्कर गृहस्थ शांत पडून होते. त्यांची तक्रार काही नव्हती, त्यामुळे तक्रारी असलेल्या इतर चाळीसेक पेशंटांच्या गर्दीत त्यांच्याकडे लक्ष कमी जात होते. फरशी पुसून झाल्यावर आमच्या वॉर्डात साफसफाई करणाऱ्या मावशी स्टाफ सिस्टरांजवळ आल्या आणि म्हणाल्या, ‘सिस्टर, त्या कोपऱ्यातल्या बाबांची पिशवी मी सकाळी रिकामी केली ना, ती अजून तशीच आहे.’ मावशींचे काम पिशवी रिकामी करण्याचे, तिच्यात किती जमले हे मोजण्याचे नव्हे. सिस्टरांच्या हातात त्या क्षणी दोन अॅडमिशनचे कागद होते. तरी त्यांनी कागद खाली ठेवले आणि त्या लगेच उठल्या.

नळी कुठे दुमडलेली नव्हती, ओटीपोटावर हात ठेवल्यावर मूत्राशयही भरलेले लागत नव्हते, म्हणजे लघवी अडकलेली नव्हती, ती तयारच होत नव्हती. साठ किलो वजनाच्या माणसाला तासाला निदान तीस मिलिलिटर लघवी व्हायला हवी, हे आम्ही वर्गात शिकलो आहोत. नाडी मिनिटाला ११८ लागली, रक्तदाब ९० च्या आसपास होता आणि पोट सकाळपेक्षा ताणलेले वाटत होते. त्यानंतर सिस्टरांनी रेसिडेंट डॉक्टरांना जो फोन केला तो मला जवळपास शब्दशः आठवतो, कारण एसबीएआर (सिच्युएशन, बॅकग्राउंड, असेसमेंट, रेकमेंडेशन) नावाची पद्धत वर्गात शिकल्यानंतर ती खऱ्या तोंडून ऐकण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. पेशंट कोण आणि आत्ता काय दिसते आहे, ऑपरेशन कधी आणि कशाचे झाले, मला काय शंका येते, आणि तुमच्याकडून मला काय हवे आहे, या चार पायऱ्यांनी त्या बोलल्या. शेवटची पायरी सर्वांत अवघड असते. ‘सर, एकदा बघून घ्या’ असे म्हणून फोन ठेवण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे. सिस्टर म्हणाल्या, ‘सर, आतून रक्तस्राव होत असावा अशी मला शंका आहे, तुम्ही दहा मिनिटांत इथे या, तोवर मी सलाइनसाठी दुसरी लाइन घेऊन ठेवते.’ डॉक्टर आले, पुढची चक्रे फिरली आणि संध्याकाळी त्या गृहस्थांना पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये नेण्यात आले. रात्री त्यांची प्रकृती स्थिर असल्याचे आयसीयूमधून कळले.

एसबीएआर ही पद्धत मुळात अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरची. तिथे हाताखालच्या माणसाने वरच्याला थोडक्यात आणि न कचरता सांगणे हा जगण्यामरण्याचा प्रश्न असतो. आपल्या रुग्णालयांतही तो तसाच असतो, फरक एवढाच की तो प्रश्न आहे हे आपण मान्य करत नाही. प्रोफेसर, लेक्चरर, रजिस्ट्रार, हाउसमन, मेट्रन, इनचार्ज, स्टाफ, विद्यार्थिनी, मामा (वॉर्डबॉय) आणि मावशी अशी ही उतरंड आहे. वरून आलेला आदेश तिच्यात क्षणात खालपर्यंत पोहोचतो, खालून निघालेली शंका मात्र प्रत्येक पायरीवर ‘आपण कशाला बोला’ या विचाराशी अडखळत चढते.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे मात्र नाही. २००५ साली इंग्लंडमध्ये इलेन ब्रॉमिली या तरुण आईचे सायनसचे साधे ऑपरेशन होते. भूल दिल्यावर श्वासमार्ग ताब्यात येईना. उपस्थित डॉक्टर अनुभवी होते, तरी घशातून नळी घालण्याच्या प्रयत्नातच ते गुंतून राहिले. एका परिचारिकेने गळ्याला छेद देऊन श्वासमार्ग उघडण्याचा संच आणून ठेवला आणि तसे सांगितलेही. दुसरीने आयसीयूत फोन करून बेड मागितला, पण डॉक्टरांचा आविर्भाव पाहून आपण उगाच घाई केली असे तिला वाटले आणि तिने तो रद्द केला. इलेन पुन्हा शुद्धीवर आल्या नाहीत आणि १३ दिवसांनी त्या गेल्या. त्यांचे पती मार्टिन ब्रॉमिली व्यवसायाने वैमानिक होते. कॉकपिटमधील कनिष्ठाने वरिष्ठाला टोकायलाच हवे हे प्रशिक्षण त्यांच्या क्षेत्रात रुळलेले होते, आणि तीच शिस्त रुग्णालयांत यावी म्हणून त्यांनी २००७ मध्ये ‘क्लिनिकल ह्यूमन फॅक्टर्स ग्रुप’ उभा केला. या प्रकरणात मला सर्वांत अस्वस्थ करणारी बाब ही की ज्ञान त्या खोलीत हजर होते, साधन हजर होते, माणसेही भली होती.

आमच्या मावशींचे म्हणणे ऐकले गेले ते त्या धीट आहेत म्हणून, असे मला वाटत नाही. या वॉर्डात आधी कधीतरी त्या काही बोलल्या असतील आणि त्यांना झिडकारले गेले नसेल, म्हणून आज त्या बोलल्या. रात्री आठच्या ओव्हरमध्ये सिस्टरांनी ही केस सांगताना ‘मावशींच्या लक्षात आले’ असे स्पष्ट शब्दांत सांगितले. केस पेपरवर अर्थातच तसे कुठे लिहिले जाणार नाही, कारण तिथे तो रकानाच नाही.

शुक्रवार

आज थिएटरमध्ये पाठवले होते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली आणलेली शस्त्रक्रिया सुरक्षा यादी भिंतीवर लावलेली आहे. तिच्यात १९ मुद्दे असून भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि पेशंटला थिएटरबाहेर नेण्यापूर्वी असे तीन थांबे आहेत. आठ शहरांतील रुग्णालयांत, ज्यात नवी दिल्लीही होती, तिची चाचणी झाली तेव्हा मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात ती सक्तीची करण्यात आली, आणि तिथल्या १०१ रुग्णालयांचा अभ्यास २०१४ मध्ये आला तेव्हा मृत्यूंत लक्षणीय घट आढळली नाही. आजचा दिवस पाहिल्यावर या दोन निष्कर्षांत मला विसंगती वाटत नाही. पहिल्या केसला सगळे खरोखर थांबले, प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगितले, सर्जननी ‘कोणाला काही शंका?’ असे विचारून उत्तराची वाटही पाहिली. दुपारच्या केसला तीच यादी पेशंट आत येण्यापूर्वीच भरून तयार होती.

रविवार, साप्ताहिक सुट्टी

आपल्या व्यवसायात संघकार्याचे उदाहरण द्यायचे तर मला मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिकांचे द्यावेसे वाटते. त्यांच्याच सहकारी अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच हल्ला झाला आणि १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत, म्हणजे ४१ वर्षांहून अधिक काळ, केईएमच्या परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा केली. दयामरणाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०११ मध्ये निकाल दिला. तोवरच्या सगळ्या वर्षांत त्यांना एकदाही बेडसोर, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणारी जखम, झाला नाही, असे रुग्णालयाने त्या वेळी न्यायालयाला सांगितले होते. त्यांना असे जगवणे योग्य होते का, हा वेगळा आणि गंभीर वाद आहे, त्यात मी इथे शिरत नाही. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस ठरावीक तासांनी बदलावी लागते हे ज्याने हाताने केले आहे, त्याला या एका नोंदीमागचे काम कळेल. हल्ल्याच्या वेळी ज्या सेवेत होत्या त्या निवृत्त झाल्या, ज्या आल्या त्यांनी अरुणाताईंना कधी हिंडताफिरताना पाहिलेही नव्हते, मेट्रन बदलल्या, डीन बदलले, आणि तरी प्रत्येक पाळीने पुढच्या पाळीला ती जबाबदारी सोपवली. या कामाचा नेता कोण, असे विचारले तर एक नाव सांगता येणार नाही. नाइटिंगेल यांच्या प्रश्नाचे याहून पूर्ण उत्तर मला माहीत नाही.

हे उदाहरण देताना एक धोका मात्र जाणवतो. परिचारिकांच्या त्यागाचे गोडवे गायले की रिकाम्या पदांचा विषय बाजूला टाकणे सोपे जाते. भारतीय परिचर्या परिषदेच्या मानकानुसार अध्यापन रुग्णालयाच्या सामान्य वॉर्डात तीन पेशंटांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाचांमागे एक परिचारिका हवी. आमच्या वॉर्डात रात्री चाळीसच्या घरात पेशंट, एक स्टाफ सिस्टर आणि सोबतीला माझ्यासारखी एखादी इंटर्न असते. उरलेला संघ नातेवाइकांचा असतो. सलाइन संपत आल्याचे सांगायला तेच येतात, शेजारच्या खाटेवरच्या एकट्या पेशंटला पाणीही तेच पाजतात, आणि त्यांना काय पाहायचे हे नीट समजावून सांगणे हेही रात्रपाळीच्या सिस्टरांच्या नेतृत्वात धरायला हवे. पण एका सिस्टरने चाळीस खाटांचा ओव्हर खाटेपाशी जाऊन द्यावा ही अपेक्षा कितपत न्याय्य आहे, याचे उत्तर संघभावनेच्या व्याख्यानात मिळत नाही, ते मंजूर आणि भरलेल्या पदांच्या तक्त्यात शोधावे लागते.

मंगळवारपर्यंत आमच्या तुकडीला या वॉर्डाचे दोन आठवड्यांचे ड्युटी रोस्टर आखून पाठ्यनिर्देशिका मॅडमकडे द्यायचे आहे. त्यात साप्ताहिक सुट्ट्या, रात्रपाळीनंतरची विश्रांती आणि एक प्रसूती रजा धरायची आहे. मी दोन रोस्टर करणार आहे, एक परिषदेच्या मानकाप्रमाणे आणि एक आज प्रत्यक्ष हजर असलेल्या माणसांत. दोन्ही एकाच कागदावर शेजारी शेजारी मांडून देईन, आणि दुसऱ्यात पाळी बदलण्याच्या अर्ध्या तासाला दोन्ही पाळ्यांची माणसे एकत्र वॉर्डात राहतील एवढे तरी जुळते का, ते आज रात्री बसून पाहते.