काकांच्या टू-सीटरची मर्जी

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या काकांची नव्वदच्या दशकातली टू-सीटर मोटार सकाळी एका चावीत सुरू होते, आणि मकरपुऱ्याहून परतून उन्हात उभी केली की नुसती 'टक्'. अर्ध्या तासाने पुन्हा चालू, जणू काही झालंच नाही. बॅटरी बदलून झाली, स्टार्टर उघडून झाला, एकाने तर इग्निशन स्विच बदलायला सांगितला. अंदाजाने पार्ट बदलणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. पैसे काकांचे जातात ना!

असा बिघाड तो हजर असतानाच पकडावा लागतो. म्हणून आज भर दुपारी मुद्दाम गाडी तापवून आणली. चावी फिरवली, टक्. म्हणजे सोलेनॉइडपर्यंत, स्टार्टरला करंट जोडणाऱ्या स्विचपर्यंत, हुकूम पोचतोय. इंजिन फिरतच नाही, तर पेट्रोल-प्लगकडे कशाला बघायचं? बॅटरीवर १२.६ व्होल्ट, झकास. मग मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी थेट इंजिनच्या ब्लॉकवर धरली. "काका, मारा स्टार्टर." तिथे फार तर ०.२ ते ०.५ व्होल्ट दिसायला हवेत. दिसले २ च्या वर! म्हणजे इंजिनपासून बॅटरीकडे परतीच्या वाटेतच व्होल्टेज अडतंय.

ती वाट म्हणजे अर्थिंगची पट्टी, इंजिनला बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडणारी तारांची वेणी. वरून ठीकठाक. बोल्ट काढला तर लगच्या, म्हणजे टोकाच्या धातूच्या कडीच्या, आत हिरवट थर, निम्म्या तारा तुटलेल्या. थंडपणी जेमतेम भागत होतं, तापल्यावर तेही नाही.

नवी पट्टी टाकली, बैठक घासली. गरम इंजिन लगेच सुरू.

"एवढ्याशा पट्टीसाठी?" म्हणत काकांनी शेव उसळ खाऊ घातली. आता म्हणतायत, डावी काच खाली जात नाही, तीही बघ.