पंचावन्नावी चाल

"काका, बुद्धिबळाच्या एवढ्या जागतिक लढती तासन्‌तास बघता, तुमचा खेळ सुधारला का हो?" सोसायटीच्या कट्ट्यावर पट मांडला की कुणीतरी हे विचारतंच. आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

ओपनिंग, म्हणजे डावाची सुरुवात, बघून माझं काडीचंही भलं झालं नाही. ती मंडळी पंधरा-वीस चाली घरून घोटून येतात. मी सातव्या चालीला पाठांतर विसरतो, आणि समोरच्याने तर ते कधी केलेलंच नसतं.

मी शिकलो ते एका चालीतून. 12 डिसेंबर 2024, सिंगापूर. जगज्जेतेपदाची लढत: आपला गुकेश आणि तेव्हाचा जगज्जेता, चीनचा डिंग लिरेन यांचा चौदावा, शेवटचा डाव. दोघांचे साडेसहा-साडेसहा गुण. काळ्याकडून खेळणाऱ्या गुकेशचं एक प्यादं जास्त होतं, पण दोघांकडे एकेक हत्ती आणि एकेक उंट शिल्लक. अशी स्थिती बरोबरीत सुटते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मीही उठून चहा टाकायला गेलो होतो. परत येतो तो काय, 55व्या चालीला डिंगने हत्तींची मारामारी देऊ केलेली, म्हणजे तू माझा हत्ती मार, मी तुझा मारतो!

आता गंमत बघा. डिंगचा उंट बसला होता ए-8च्या कोपऱ्यात. हत्ती गेल्यावर गुकेशने आपला उंट डी-5वर आणून त्याच्यासमोर उभा केला. कोपऱ्यातल्या उंटाला एकच तिरकी वाट, आणि तीच अडलेली. म्हणजे उंटांचीही मारामारी टळत नाही. मग उरतात राजे आणि प्यादी, आणि तिथे ते एक जादा प्यादं डाव जिंकून देतं. 58व्या चालीला डिंगने डाव सोडला.

लोक म्हणाले, जगज्जेत्याने अशी घोडचूक कशी केली? मला मात्र ती फार ओळखीची वाटली. एक प्यादं मागे असलो की माझा हात आपोआप मारामारीकडे जातो. सोंगट्या कमी झाल्या की बरोबरी जवळ आली, असं वाटतं. खरं तर हत्ती पटावर असेपर्यंत कमजोर बाजूतही धुगधुगी असते; तो मागून त्रास देतो, शह देतो. तो गेला की राजा एकटा पडतो. तेव्हापासून मी मारामारीआधी मनातल्या मनात पट रिकामा करून बघतो: सगळं गेलं, फक्त राजे आणि प्यादी उरली, तर कोण जिंकतं?

आणि गुकेशकडून काय घ्यायचं? आपण असतो तर कधीच "बरोबरी?" म्हणून हात पुढे केला असता. तो खेळत राहिला.

बघताना एक पथ्य पाळतो. पडद्याच्या कडेला, कोण वरचढ आहे ते दाखवणारी संगणकाची ती काळी-पांढरी पट्टी असते, तिच्यावर टॉवेल टाकतो. (घरचे हसतात.) मग पुढची चाल कागदावर लिहायची आणि नंतर ताडून बघायची. पट्टी दिसत असली की आपण सगळेच ग्रँडमास्टर.

गेल्या रविवारी कट्ट्यावर एका बारा वर्षांच्या पोराने मला हत्तीची मारामारी देऊ केली. मी मनात पट रिकामा केला, दचकलो आणि हत्ती मागे घेतला. हरलो, पण पोराला त्यासाठी आणखी तीस चाली घाम गाळावा लागला.