तिहुआनाच्या भिंतीवरची चित्रं बघून आलो, जाणाऱ्यांसाठी थोडं

आई भारतातून आलीये, आणि सॅन डिएगो म्हटलं की सगळे झू नाहीतर बीच सांगतात, मी म्हटलं एक दिवस बॉर्डर ओलांडून मेक्सिकोतल्या तिहुआना शहराच्या समुद्रकाठी, प्लायास दे तिहुआनाला जाऊ, जिथे अमेरिका-मेक्सिकोची भिंत सरळ पॅसिफिकमध्ये घुसते आणि मेक्सिकोच्या बाजूने तिच्यावर नुसती चित्रंच चित्रं आहेत.

आधी कागदपत्रं. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हॅलिड व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. पण व्हिसाची तारीख आणि मल्टिपल एंट्री घरीच तपासा, आणि एच-वनबी म्हणजे नोकरीच्या व्हिसावाल्यांनो, पासपोर्टवरचा व्हिसा स्टॅम्प संपला असेल तर आधी वकिलाला विचारा मगच निघा. सॅन डिएगो डाउनटाउनमधून ट्रॉलीची (शहरातल्या ट्रेनची) ब्लू लाइन, शेवटचं स्टेशन सॅन इसिड्रो, तिथून चालत पलीकडे. आम्हाला जाताना वीस मिनिटंसुद्धा लागली नाहीत. पुढे कॅब, ड्रायव्हरला समुद्राजवळची बुलरिंग (बैलांच्या झुंजीचं मैदान) सांगितली की कळतं.

भिंत म्हणजे विटांची नाही हं, लोखंडी खांब एकाला एक लावून उभे. त्यामुळे चित्राच्या समोर उभं राहिलात तर फटीच फटी दिसतात, पण जरा तिरकं झालात की फटी मिटतात आणि चेहरा पूर्ण होतो. आईला हे आधी कळलं, मी फोटोच्या नादात. खाऱ्या हवेने रंगाखालून गंज वर येतोय, काही ठिकाणी पोपडे हाताला लागतात.

इथेच 2011 मध्ये आना तेरेसा फर्नांडेस या चित्रकर्तीने काळा ड्रेस आणि हाय हील्स घालून शिडीवर चढून खांब आकाशी रंगाने रंगवले, लांबून बघितलं की तेवढी भिंत आभाळात विरून जायची. कामाचं नावच ‘बोरांदो ला फ्रोंतेरा’, म्हणजे सीमा पुसताना. 2016 च्या शेवटी एन्रिके चिऊ या चित्रकाराने बंधुभावाचं लांबच लांब म्युरल, म्हणजे भित्तिचित्र, सुरू केलं, त्यात हजारो लोकांचे हात लागलेत. आणि अमेरिकन सैन्यात होते तरी डिपोर्ट झाले, म्हणजे देशाबाहेर काढले गेले, अशा लोकांसाठी रंगवलेला उलटा अमेरिकन झेंडाही होता इथे, तो मला फोटोंतच जास्त आवडायचा.

पण फोटो बघून लिस्ट करून जाऊ नका. 2023 मध्ये जुनी भिंत काढून तीस फुटी उभी केली, तेव्हा बरंच जुनं काम गेलं. आणि कुणी भिंतीच्या फटींतून आरपार बसवलेले, दोन्ही देशांतल्या मुलांनी खेळायचे ते गुलाबी सीसॉ कुठेत असं विचारेल तर ते हजारेक किलोमीटर लांब, सिउदाद हुआरेसजवळ होते, 2019 मध्ये, तेही तासभरसुद्धा नाही!

चित्रांसाठी अमेरिकेच्या बाजूने जाऊ नका, भिंतीला लागून असलेलं फ्रेंडशिप पार्क तिकडून 2020 मध्ये बंद झालं. पूर्वी इथे दोन बाजूंची माणसं जाळीतून भेटायची, जाळी इतकी बारीक की फक्त करंगळीचं टोक जायचं. हे सांगितलं तर आईने स्वतःची करंगळी बघितली आणि म्हणाली, “आपल्या नातवाला एवढंच भेटायचं?” मी काही बोललो नाही, माझंही रिन्यूअल अडकलंय.

खायला भाजलेलं कणीस मस्त, वर लिंबू-तिखट, अगदी आपल्यासारखं, फक्त चीज नको असेल तर आधीच सांगा. शाकाहारी असाल तर बीन्स घेताना ‘सिन मांतेका’ म्हणा, नाहीतर डुकराची चरबी असू शकते.

परतीची लाइन मात्र अंत बघते. आम्हाला अडीच तास लागले, रविवारची संध्याकाळ शक्यतो टाळा. पाणी, टोपी, म्हाताऱ्या माणसांसाठी घडीचं स्टूल, आणि सुट्टे पेसो ठेवा, टॉयलेटला लागतात.