तुम्ही विचारलंत म्हणून: टेबलावरच्या पॉवर सप्लायचा (सर्किटला हवं ते व्होल्टेज देणारा डबा) पंखा फार आवाज करतो, तो काढूनच टाकला तर?

माझ्या टेबलाशी येऊन बसणारा प्रत्येकजण कधी ना कधी हे विचारतोच. काढू नका. का, ते माझ्या 30 व्होल्ट 3 अँपिअरच्या लिनिअर सप्लायवरून (जास्तीचं व्होल्टेज उष्णता करून घालवणारा) सांगतो.

त्यातून 5 व्होल्टला 2 अँपिअर घेतले की सर्किटला मिळतात 10 वॉट. आत रेग्युलेटरपाशी (आउटपुटचं व्होल्टेज राखणारा भाग) येतात 38 व्होल्ट. मधले 33 व्होल्ट त्यातले ट्रान्झिस्टर गिळतात. म्हणजे 66 वॉटची निव्वळ उष्णता, जुन्या साठच्या बल्बपेक्षा जास्त, तीही बंद डब्यात. पंखा बोंबलणारच.

मीही आधी चुकीचाच उपाय केला. पंखा फिरत असताना त्याचं व्होल्टेज उतरवत नेलं. 5 व्होल्टवर गपगार फिरत होता, म्हणून त्या हिशोबाने रेझिस्टर सिरीजमध्ये टाकला. दुसऱ्या दिवशी सप्लाय लावला तर पंखा जागचा हललाच नाही. फिरत राहायला लागतं त्याहून जास्त व्होल्टेज सुरू व्हायला लागतं, हे मला तापल्याच्या वासाने कळलं.

मग हीटसिंकवर (ट्रान्झिस्टरची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, चिकटवलं आणि झाकण लावून अर्धा तास मोजलं. (झाकण उघडं ठेवून मोजण्यात अर्थ नाही, हवेची वाटच बदलते.) जानेवारीत 55 अंश आले तर पुण्याच्या मे महिन्यासाठी त्यात 15 तरी मिळवायचे. जवळच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं (वीज साठवणारा भाग) आयुष्य तापमान वाढलं की दर 10 अंशांना साधारण निम्मं होतं.

खरा फरक ट्रान्सफॉर्मरने पाडला. त्याच्या वाइंडिंगला (तारेच्या गुंडाळीला) मध्यावरून काढलेली जोडणी, म्हणजे टॅप, होता, कुणी वापरलेलाच नव्हता. रिले (विजेवर चालणारा स्विच) घालून आउटपुट 12 व्होल्टच्या खाली असताना अर्धंच वाइंडिंग घेतलं. आत 19 व्होल्ट. 66 वॉटचे 28 झाले. रिलेचा टक् असा आवाज येतो, येऊ दे.

त्यानंतर पंख्याकडे वळलो. तापकीर गल्लीतून (पुण्याचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार) 60 मिलिमीटरच्या जागी 80 चा आणला. वेग निम्मा केला की आवाज सुमारे 15 डेसिबलने उतरतो, हवा मात्र निम्मीच घटते. ती तूट मोठी पाती भरून काढतात. पत्र्यातच पाडलेली जाळी कापून तारेची बसवली. शिट्टी तिथूनच वाजत होती.

टेबलावरच्या ऑसिलोस्कोपचा (सिग्नलचा आलेख दाखवणारं यंत्र) पंखाही आवाज करतो, पण तो मात्र उघडला नाही. त्यात स्विचिंग सप्लाय (वेगाने चालू-बंद होऊन व्होल्टेज बदलणारा) आहे, प्लग काढल्यावरही कपॅसिटरवर 300 व्होल्ट राहू शकतात. शिवाय वॉरंटी चालू आहे. भिंतीपासून वीतभर पुढे ओढला, मागची धूळ ब्रशने झाडली. तेवढ्यावर भागतंय.