डास नाश्त्याला येतात

श्रीलंकेच्या किनाऱ्यावरच्या बेंटोटाला, गेस्टहाऊसमध्ये पलंगावर छतापासून सोडलेली पांढरीशुभ्र मच्छरदाणी बघून सासूबाईंनी त्या जागेला तिथल्या तिथे शंभरपैकी शंभर दिले. "बघ गं, किती काळजी घेतात!" दिवेलागणीला दारं-खिडक्या लावायच्या, मच्छरदाणी गादीखाली खोचायची, की डासांचा विषय संपला, असा आपल्याकडचा पिढीजात बंदोबस्त. मला मात्र त्या मच्छरदाणीचा वैतागच आला होता. रात्री चावतो तो मलेरियाचा डास, आणि श्रीलंका मलेरियामुक्त असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने 2016 सालीच जाहीर केलंय. तिथे खरी धास्ती डेंग्यूची. 2017 मध्ये त्या एवढ्याशा देशात डेंग्यूचे 1 लाख 86 हजारांहून जास्त रुग्ण नोंदवले गेले होते. आणि डेंग्यूचा डास येतो दिवसाउजेडी, विशेष करून सकाळी आणि मग ऊन कलल्यावर. म्हणजे आपण मच्छरदाणीतून बाहेर पडून इडिअप्पम (तांदळाच्या शेवया) आणि पोल सांबोलवर (ओल्या खोबऱ्याची तिखट चटणी) ताव मारत असतो तेव्हा.

आम्ही गेलो मे महिन्यात, कारण लेकीच्या शाळेला सुट्टी तेव्हाच. त्या किनाऱ्यावर पाऊस त्याच सुमाराला धरतो. खोल्या स्वस्त मिळाल्या त्या उगाच नाही. कँडी, नुवारा एलिया, एल्लाची ती गाजलेली रेल्वे, सगळं मस्त झालं, फोटो घरच्या ग्रुपवर टाकलेत. नुवारा एलियाला तर इतकी थंडी की स्वेटरमध्ये शिरून चावायला डासालाही कष्ट पडले असते.

बेंटोटाला पहिल्याच सकाळी नाश्त्याला बसलो आणि टेबलाखाली चटाचट हात मारायला सुरुवात झाली. हा डास तोंडाभोवती गुणगुणत बसत नाही, खाली अंधारात घोटे शोधतो. सासूबाईंच्या पायावर बसलेला मी नीट पाहिला, काळा, पायांवर पांढरे पट्टे. आता हे येतात कुठून म्हणून उठून बघते तर व्हरांड्याच्या पायरीवर पितळेचं मोठं घंगाळ, त्यात तरंगणारी चाफ्याची फुलं. आल्या दिवशी मीच त्याचा फोटो काढला होता. फुलं बाजूला सारली. पाण्याला उलट्या टांगल्यासारख्या बारीक अळ्या! माझी सावली पडल्याबरोबर सगळ्या वळवळत तळाला गेल्या आणि मग एकेक करून परत वर आल्या.

मालकीणबाईंना बोलावलं. "रोज बदलतो, मॅडम." खरंच बदलत होते, पण फुलं. पाणी तेच. डेंग्यूचा डास वाढतो तो असल्याच साठलेल्या स्वच्छ पाण्यात, आणि अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. शिवाय गेटजवळ थंबिलीच्या, म्हणजे तिथल्या केशरी शहाळ्यांच्या, रिकाम्या कवट्यांचा ढीग. प्रत्येकीत पावसाचं पाणी. त्या देशात डासांची पैदास होऊ दिली तर दंड करणारा कायदा आहे, 2007 सालचा. त्याचा विषय काढावा असं जिभेवर आलं होतं, पण बाईंचा चेहरा इतका उतरला की गप्प बसले. प्रेमाने वाढणाऱ्या माणसाला हे सांगायचं तरी कसं?

सासूबाईंना असले प्रश्न पडत नाहीत. त्यांनी पदर खोचला, घंगाळ उचलून उन्हातल्या कोरड्या मातीत ओतलं, आणि "नुसतं ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटून राहतात" असं चक्क मराठीतून बजावत नारळाच्या शेंडीने आतून खसाखसा घासलं. आमच्या वॉर्डात कोरडा दिवस पाळा, म्हणजे आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी रिकामी करून कोरडी करा, म्हणून सांगत फिरणाऱ्या ताईंचं कुणीतरी ऐकतं म्हणायचं! मालकीणबाई आधी अवघडल्या, मग हसल्या, मग दोघी मिळून शहाळ्याच्या कवट्या पालथ्या घालत सुटल्या. दुसऱ्या दिवशी घंगाळात फुलांखाली अळ्या खाणारे गप्पी मासे फिरत होते आणि टेबलाखाली एक पंखा सोडलेला होता. पंख्याचा उपयोग क्रीमच्या तोडीस तोड झाला. वाऱ्यात या डासाला धड उडता येत नाही.

क्रीमवरून मात्र रोज रामायण. आधी सनस्क्रीन, ते मुरलं की वरून डासांचं, उलटं नाही. लेकीच्या तळहातांना लावायचं नाही, कारण ते हात तोंडात आणि डोळ्यांत जाणार. पोहून आली की परत लावायचं. दुपारी ती झोपली की मी मच्छरदाणी सोडायचे, तेवढाच त्या शोभेच्या वस्तूचा सदुपयोग. नवरा? त्याने सबंध किनारा थ्री-फोर्थमध्ये पालथा घातला, मोबाइलमध्ये डास पळवणारा आवाज काढणारं कसलंसं ॲप चालू ठेवून. असल्या आवाजाला डास भीक घालत नाहीत हे त्याच्या पोटऱ्या बघून कुणीही सांगितलं असतं.

परत आल्यावर पंधरा दिवस मी घरात थर्मामीटर घेऊन फिरत होते, कारण डास चावल्यावर ताप यायला चार ते दहा दिवस जातात, आणि तोवर आपण सहल विसरून ऑफिसला लागलेलो असतो. आठवड्याने नवऱ्याचं अंग मोडून आलं, ताप 101. तो आयबुप्रोफेन शोधायला लागला. ती मी आधीच कपाटावर ठेवली होती. डेंग्यूची शंका असताना ती आणि ॲस्पिरिन नको, रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी, बस. सासूबाई पपईचं पान शोधायला निघाल्या, त्यांना थांबवलं. डॉक्टरांना बसल्या बसल्या सांगितलं, श्रीलंकेहून आलोय. त्यांनी एनएस-वन (डेंग्यूची रक्तचाचणी) आणि सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) लिहून दिलं. वर ताप उतरल्यावरच जास्त लक्ष ठेवा, पोट दुखलं किंवा उलट्या झाल्या तर रात्री-बेरात्री थेट ॲडमिट करा, असंही बजावलं. दोन्ही रिपोर्ट नॉर्मल, साधा व्हायरल. तर सुटलो म्हणायचं सोडून हा पठ्ठ्या लॅबचं बिल हातात धरून मलाच विचारतो, "आता हे कुणाच्या खात्यात?"