लेसच्या गिरणीतलं विमान

लंडनच्या वॉटर्लू स्टेशनहून अ‍ॅक्समिन्स्टरपर्यंत आगगाडी आणि पुढे चार्डला बस. चार्डला पूर्वी स्टेशन होतं, साठच्या दशकात तिथे प्रवासी गाड्या यायच्या बंद झाल्या. इंग्लंडच्या सॉमरसेटमधलं हे छोटंसं गाव. फोर स्ट्रीटच्या दोन्ही कडांनी पाणी खळाळत जातं. एका बाजूचं ब्रिस्टलच्या खाडीला मिळतं, दुसऱ्या बाजूचं इंग्लिश खाडीला, असं इथले लोक कौतुकाने सांगतात.

"बाबा, हे बघायला आलो आपण?" लेकीने विचारलं.

नाही. आम्ही आलो होतो याच रस्त्यावरचं काशाचं विमान बघायला. जॉन स्ट्रिंगफेलोच्या १८४८ सालच्या मॉडेलची ती आठवण. राइट बंधूंच्या पंचावन्न वर्षं आधीची!

स्ट्रिंगफेलो लेसच्या धंद्यातला माणूस. लेस विणायच्या यंत्रांचे बॉबिन, म्हणजे धाग्याची रिळं, आणि ते धरणारे सुटे भाग करण्यात त्याचा हात बसलेला. चार्डला तेव्हा लेसच्या गिरण्या होत्या. कागदासारखे पातळ धातूचे भाग केसाच्या हिशेबाने घडवणं हे त्याचं रोजचंच काम, आणि हलकं वाफेचं इंजिन करायला नेमकं तेच लागतं. मला तर वाटतं, विमानाचं मूळ पक्ष्यांपेक्षा लेसमध्येच शोधावं.

त्याचा जोडीदार विल्यम हेन्सन मोठी स्वप्नं बघणारा. १८४२ साली त्याने वाफेच्या विमानाचं पेटंट मागितलं, कंपनी काढायचा घाट घातला, पिरॅमिडांवरून उडणाऱ्या विमानाची चित्रंही छापून आली. लोक हसले. मग दोघांनी वीस फूट पंखांचं मॉडेल केलं आणि चार्डजवळच्या बाला डाऊन नावाच्या माळावर नेलं. बघ्यांची कटकट नको म्हणून रात्री प्रयोग केले, तर दवाने पंखांचं रेशीम ओलंचिंब! ते काही उडालं नाही. हेन्सन कंटाळून अमेरिकेला गेला.

स्ट्रिंगफेलो गावातच राहिला. त्याने मॉडेल निम्म्यावर आणलं. दहा फूट पंख, इंजिन-बॉयलरसकट सगळं मिळून चारेक किलो. आणि या वेळी माळावरच्या वाऱ्याशी झगडण्याऐवजी त्याने लेसच्या एका रिकाम्या गिरणीतली खोली घेतली. लांबी जेमतेम बावीस वार. उतरती तार बांधायची, मॉडेल तिच्यावरून घरंगळत वेग घेणार आणि टोकाला आपोआप सुटणार. पहिल्या खेपेला शेपटाचा कोन जास्त झाला. नाक एकदम वर गेलं, यंत्र मागे कोसळलं आणि शेपूट मोडलं. दुरुस्ती करून पुन्हा सोडलं, तेव्हा ते तारेवरून सुटून वर चढत गेलं आणि थेट पलीकडच्या टोकाला, अडवायला लावलेल्या कॅनव्हासवर आपटलं.

हाय स्ट्रीटवरच्या संग्रहालयात हे सगळं मांडलेलं आहे. लेक कृत्रिम हातपायांच्या दालनात जास्त रमली (तोही चार्डचाच जुना उद्योग), मी मात्र यंत्रांपाशी खिळलो.

आपल्याकडे शिवकर बापूजी तळपद्यांनी १८९५ साली चौपाटीवर विमान उडवल्याची गोष्ट सांगतात. लहानपणी मला ती फार आवडायची. पण वजन किती, इंजिन कसलं, असं विचारायला लागलं की हाती काही उरत नाही. स्ट्रिंगफेलोबद्दलही वाद आहेच. मॉडेल स्वतःच्या बळावर उडालं की तारेवर मिळालेल्या वेगाने तरंगलं, यावर इतिहासकार भांडतात. पण भांडायला खोलीची लांबी आहे, तारेचा हिशेब आहे. १८६८ साली क्रिस्टल पॅलेसच्या प्रदर्शनात त्याच्या हलक्या इंजिनाला शंभर पौंडांचं बक्षीस मिळालं, तेव्हा कारागिरीबद्दल तरी शंका नाही.

बसला तासभर अवकाश होता. पिशवीत लेकीचं रबरावर उडणारं, बाल्साच्या हलक्या लाकडाचं विमान होतं. रबराला पीळ द्यायची ही युक्ती आल्फोन्स पेनो या फ्रेंच माणसाची. १८७१ साली पॅरिसच्या त्विलरी बागेत त्याचं मॉडेल अकरा सेकंद उडालं होतं. आमचं दोन सेकंदांत नाक वर करून पाठीवर पडलं.

"शेपूट!" लेक ओरडली. "बाबा, त्याच्यासारखंच झालं!"

तिने मागची पट्टी बोटाने किंचित खाली वाकवली, नाकाला च्युइंगमचा गोळा चिकटवला आणि पंख्याला पुन्हा पीळ द्यायला बसली. बस आली तेव्हा विमान कुंपणापलीकडे होतं.